सायकलचा रस्ता नकाशावर कसा आला?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमपद्धतीत '५६ ई' या क्रमांकाचा एक नकाशा आहे. रेखांश ७७ ते ७८ पूर्व आणि अक्षांश १९ ते २० उत्तर यांमधला प्रदेश त्यात येतो. हिंगोली, नांदेड, पुसद, उमरखेड ही गावे याच चौकटीत आहेत. उमरखेड तालुक्यातले ढाणकीही त्यातच सापडते. शाळेच्या कपाटात असा नकाशा असेल तर तो टेबलावर पसरा आणि मुलांना एक साधा प्रश्न विचारा : यातल्या कोणत्या रस्त्याने आठवीतली मुलगी सायकलवर शाळेत येऊ शकेल?

मुले नकाशा बारकाईने पाहतील. पक्का रस्ता, कच्चा रस्ता, गाडीवाट, पाऊलवाट या सर्वांसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. नदी आहे, नाले आहेत, समोच्चरेषा आहेत, मंदिरे आणि विहिरीसुद्धा आहेत. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नकाशात मिळत नाही. याचे कारण नकाशा चुकीचा आहे असे नाही. तो काढणाऱ्यांच्या मनात हा प्रश्नच नव्हता, एवढेच. नकाशा त्याच प्रश्नांची उत्तरे देतो, जे तो काढताना कोणीतरी विचारलेले असतात. सायकलच्या रस्त्याचा प्रश्न नकाशापर्यंत कसा पोचला, त्याचा इतिहास सुमारे सव्वाशे वर्षांचा आहे.

साखळीपासून सुरुवात

आपल्याकडच्या शास्त्रीय नकाशांची पायाभरणी १८०२ साली मद्रासजवळ झाली. विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने तिथे एक आधाररेषा साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो सरकत गेला. यातली मुख्य रांग ७८ पूर्व रेखांशाच्या आसपास दक्षिणेकडून उत्तरेकडे गेली, म्हणजे तेलंगणातून वऱ्हाडाच्या दिशेने. सत्तरीच्या घरातला लॅम्बटन काम करता करताच २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे वारला. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने चालवले.

या मोजणीचे शास्त्रीय मोल मोठे होते. पृथ्वीच्या आकाराचे गणित तिने सुधारले. पण तिच्या आधाराने पुढे जे नकाशे निघाले, ते राज्य चालवणाऱ्यांच्या गरजांसाठी निघाले. सैन्य कुठून जाईल, तोफगाडा कुठे अडेल, सारा कुठून गोळा करायचा, हे प्रश्न त्यामागे होते. म्हणून रस्त्यांची वर्गवारी चाकांवरून आणि पावलांवरून झाली. बैलगाडी जाईल तिथे गाडीवाट, माणूस किंवा जनावर जाईल तिथे पाऊलवाट. सायकल तेव्हा जन्मालाच यायची होती.

सायकलस्वारांचे नकाशे

दोन सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली, आजच्या सायकलसारखी सायकल जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली इंग्लंडमध्ये बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचे टायर बनवले. पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेत सायकलस्वारांची संख्या प्रचंड वाढली आणि त्यांना लगेच एक अडचण जाणवली. हातातल्या नकाशावर जो रस्ता सरळ दिसे, त्यावर प्रत्यक्षात कधी उभा चढ लागे, तर कधी ढिली खडी.

यावर उपाय निघाला तो सायकलस्वारांच्याच संघटनेतून. इंग्लंडमधल्या सायकलिस्ट्स टूरिंग क्लबने एडिंबरोच्या बार्थोलोम्यू या नकाशे छापणाऱ्या संस्थेशी १८९८ च्या सुमारास करार केला. क्लबचे सभासद गावोगाव फिरत आणि कोणता रस्ता चांगला, कोणता बेताचा, कोणता टाळण्याजोगा, हे कळवत. नकाशावर रस्ते त्याप्रमाणे रंगवले जात. बिनरंगाचे रस्ते हलक्या दर्जाचे असून सायकलसाठी त्यांची शिफारस नाही, अशी सूचना नकाशाच्या कडेला छापलेली असे. जमिनीची उंची वेगवेगळ्या रंगांच्या थरांनी दाखवली जाई, त्यामुळे चढ कुठे लागणार याचा अंदाज घरी बसून येई.

या नकाशात दोन नव्या गोष्टी होत्या. एक म्हणजे, रस्ता आहे की नाही एवढ्यावर न थांबता तो कितपत योग्य आहे हे नकाशा सांगू लागला. दुसरी म्हणजे, ही माहिती सरकारी मोजणीदाराने नव्हे, तर त्या रस्त्याने जाणाऱ्यांनी गोळा केली होती. या दोन गोष्टी पुढे विसरल्या गेल्या आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा शोधाव्या लागल्या. कारण विसावे शतक मोटारींचे ठरले. नकाशावरचे रंग आता मोटारीच्या सोयीने ठरू लागले. सर्वांत ठळक रेघ सर्वांत वेगवान रस्त्याची. म्हणजे नेमक्या त्याच रस्त्याची, जिथे सायकलस्वाराला सर्वांत जास्त धोका.

आपल्या देशात तर ही विसंगती आणखी ठळक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातल्या ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. दर शंभरातल्या पंचेचाळीस घरांत असलेल्या वाहनाबद्दल नकाशे गप्प होते.

पारदर्शक कागद आणि संगणक

एका जागेबद्दलची अनेक प्रकारची माहिती एकत्र कशी पाहायची? १९६९ साली अमेरिकेत इयान मॅकहार्ग या नियोजनकाराने आपल्या पुस्तकात एक सुटसुटीत रीत मांडली. उतार, माती, पाणी, वस्ती यांचे वेगवेगळे नकाशे पारदर्शक कागदांवर काढायचे. जागा जितकी अयोग्य, तितका रंग गडद. मग सर्व कागद एकावर एक ठेवायचे. प्रकाश जिथून आरपार येईल ती जागा योग्य. हा प्रयोग वर्गात पतंगाच्या कागदाने किंवा तेलकट कागदानेही करता येतो.

कॅनडात रॉजर टॉमलिन्सन याने हीच कल्पना साठच्या दशकात संगणकावर आणली होती. तिथल्या प्रचंड जमिनीची पाहणी हाताने करायची तर खर्च परवडणार नव्हता, म्हणून नकाशांचे थर आकड्यांच्या रूपात साठवणारी यंत्रणा त्याने उभारली. तिला आपण भौगोलिक माहिती प्रणाली किंवा जीआयएस म्हणतो. तिच्यात रस्ता म्हणजे नुसती रेघ नसते. रेघेच्या प्रत्येक तुकड्यामागे एक तक्ता असतो : रुंदी किती, पृष्ठभाग कसा, वाहने किती. संगणक त्या तक्त्यावर गणित करतो आणि उत्तराप्रमाणे रेघेला रंग देतो. सॉफ्टवेअर एवढेच करते. तक्त्यात कोणते रकाने असावेत, हे ते सांगत नाही.

रस्त्याला गुण देणे

रकाने कोणते असावेत, यावर अमेरिकेत १९८७ पासून बरेच काम झाले. त्या वर्षी जेफ डेव्हिस याने रस्त्यांना सायकलच्या सुरक्षिततेबद्दल गुण देण्याचे एक सूत्र मांडले. १९९४ मध्ये सॉर्टन आणि वॉल्श यांनी 'ताण' ही कल्पना पुढे आणली. त्यांनी तीनच गोष्टी घेतल्या : कडेच्या पट्ट्यातली वाहनसंख्या, त्यांचा वेग आणि त्या पट्ट्याची रुंदी. १९९७ मध्ये ब्रूस लँडिस आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात सुमारे दीडशे लोकांना २७ किलोमीटरच्या रस्त्यावर प्रत्यक्ष सायकल चालवायला लावून प्रत्येक तुकड्याला श्रेणी द्यायला सांगितले. पुढच्याच वर्षी डेव्हिड हार्की आणि सहकाऱ्यांनी लोकांना रस्त्यांच्या चित्रफिती दाखवून असेच मत घेतले. या मतांवरून त्यांनी सूत्रे बसवली. रुंदी, वेग आणि वाहनसंख्या माहीत असली की सायकलस्वाराला तिथे कसे वाटेल याचा अंदाज आता आकड्यांत देता येऊ लागला.

२०१२ मध्ये मेकुरिया, फर्थ आणि निक्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात रस्त्यांच्या चार पायऱ्या केल्या. पहिली पायरी म्हणजे लहान मुलेही जाऊ शकतील असा रस्ता. दुसरी, बहुतेक मोठ्या माणसांना चालेल असा. तिसरी, सराव असलेल्यांना चालेल असा. चौथी, फक्त धाडसी लोकांसाठी. पण या अभ्यासाचे खरे महत्त्व त्यातल्या एका नियमात आहे : पूर्ण वाटेचा ताण म्हणजे तिच्यातल्या सर्वांत वाईट तुकड्याचा ताण.

हा नियम किती वेगळा आहे ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, गाव ते शाळा अंतर ४ किलोमीटर आहे. त्यातला २.५ किलोमीटर रस्ता पायरी १ चा, १.२ किलोमीटर पायरी २ चा आणि ०.३ किलोमीटर पायरी ४ चा आहे. अंतराच्या प्रमाणात सरासरी काढली तर

(२.५ × १ + १.२ × २ + ०.३ × ४) ÷ ४ = ६.१ ÷ ४ = सुमारे १.५

म्हणजे सरासरीच्या हिशेबाने हा रस्ता उत्तम! पण त्या ३०० मीटरमध्ये पाण्याखाली जाणारा रपटा असेल, किंवा ट्रकांच्या रांगेतून जावे लागत असेल, तर मुलगी शाळेत पोचणार नाही. उरलेले ३.७ किलोमीटर चांगले असून तिला उपयोग नाही. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते. सॅन होझेत हेच दिसले. शांत गल्ल्या भरपूर होत्या, पण मोठ्या रस्त्यांनी त्यांची बेटे करून टाकली होती. सहा मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे दहा किलोमीटरपेक्षा, कमी अंतराच्या कामावर जाण्याच्या फेऱ्यांपैकी अवघ्या ४.७ टक्के फेऱ्या पायरी २ च्या आत राहून करता येत होत्या. मोजक्या जागी सुधारणा केल्या तर हे प्रमाण १२.७ टक्क्यांवर जाईल, असे त्यांच्या गणिताने दाखवले.

पुण्याचा अनुभव

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याला हीच गोष्ट अनुभवातून कळली. २००५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून आणि २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानंतर तिथे काही मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग बांधले गेले. त्यांची लांबी किलोमीटरमध्ये मोजता येत होती, पण ते सलग नव्हते. कुठे खांब, कुठे झाड, कुठे उभ्या केलेल्या गाड्या, आणि चौकात येताच मार्ग संपलेला. नेमका चौक हाच सर्वांत धोक्याचा तुकडा.

म्हणून पुढे सबंध शहराचे जाळे एकत्र विचारात घेणारा सायकल आराखडा तयार झाला आणि २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने तो मंजूर केला. सुटे मार्ग मोजण्याऐवजी ते एकमेकांना जोडलेले आहेत का हे पाहायचे, असा हा बदल होता. आराखडा कागदावरून रस्त्यावर उतरणे ही वेगळी आणि सावकाश होणारी गोष्ट आहे. पण प्रश्न मात्र बदलला होता.

नकाशे खुले झाले

पूर्वी हे सर्व फक्त मोठ्या संस्थांना शक्य होते. गेल्या पाव शतकात ते बदलले. २००२ साली गॅरी शर्मन याने सुरू केलेले क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने 'ओपनस्ट्रीटमॅप' सुरू केला. लोकांनीच भरलेला हा जगाचा नकाशा आहे. रस्त्याचा पृष्ठभाग, रुंदी, वेगमर्यादा अशा नोंदी त्यात कोणीही करू शकतो. शंभर वर्षांपूर्वी क्लबचे सभासद पत्राने जे कळवत, तेच हे काम. २०२१ च्या फेब्रुवारीत भारत सरकारने नकाशांवरची बरीच बंधने सैल केली आणि २०२२ मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची ग्रामीण रस्ते, वस्त्या आणि शाळांसारख्या सुविधा दाखवणारी माहिती सर्वांसाठी खुली झाली.

उंचीची माहितीही मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली. ३० मीटरच्या चौकोनागणिक उंचीचा एक आकडा त्यातून मिळतो. मात्र इथे सावध राहायला हवे. या आकड्यांत काही मीटरची चूक असू शकते. शेजारच्या दोन चौकोनांत ३ मीटरचा खोटा फरक आला तर ३० मीटरवर १० टक्के चढ दिसेल, आणि सपाट रस्ता घाटासारखा रंगवला जाईल. म्हणून चढ नेहमी काहीशे मीटरच्या लांबीवर काढावा.

चढाचे महत्त्व साध्या गणिताने पटते. मुलगी, सायकल आणि दप्तर यांचे वजन मिळून ६८ किलो धरू. ३ टक्के चढावर एका किलोमीटरला ३० मीटर उंची चढावी लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जा ६८ × ९.८ × ३०, म्हणजे सुमारे २०,००० ज्यूल. ताशी १२ किलोमीटर वेगाने हे अंतर ३०० सेकंदांत कापायचे तर फक्त चढासाठी सुमारे ६७ वॅट शक्ती हवी. सपाट डांबरी रस्त्यावर त्याच वेगाला साधारण ३० ते ३५ वॅट पुरतात. म्हणजे एवढ्याशा चढाने मेहनत तिप्पट होते. अशा चढावर मुले सायकलवरून उतरून चालतात, यात आळस नसतो.

ढाणकीच्या रस्त्यावर

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तो इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर बिहारमधून मिळते. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की या योजनेमुळे माध्यमिक शाळेतल्या मुलींची पटसंख्या ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. ही वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत झाली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून यवतमाळसारख्या जिल्ह्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. पण सायकल मिळाली म्हणजे रस्ता मिळाला असे नाही.

सॅन होझेचे किंवा टॅम्पाचे रकाने इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. तिथे पृष्ठभाग डांबरी असणार हे गृहीतच आहे. उमरखेड तालुक्याची जमीन बहुतांशी काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पांदण रस्त्यावर चाकाला चिकटलेला चिखल मडगार्डमध्ये अडकून चाकच फिरेनासे होते. जानेवारीत पायरी १ चा असलेला रस्ता जुलैत पायरी ४ चा होतो. पैनगंगेकडे वाहणाऱ्या नाल्यांवरचे रपटे पुरात बुडतात. साईडपट्टी खचली की समोरून ट्रक आल्यावर उतरायला जागा उरत नाही. बाभळीचे काटे पंक्चर करतात. आणि सर्वांत अवघड रकाना म्हणजे सुनसान वाट. संध्याकाळी शाळा सुटल्यावर कोणत्या तुकड्यावर मुलींना एकट्याने जायला भीती वाटते, हे कोणताही उपग्रह सांगणार नाही. ते मुलींनाच विचारावे लागेल.

आठवी-नववीच्या वर्गाला हे काम सहज जमेल. त्याची रीत अशी :

१. शाळेकडे येणारे सर्व रस्ते कागदावर काढा. पूल, फाटा, विहीर, मंदिर अशा ठळक खुणांवर त्यांचे तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक द्या.

२. प्रत्येक तुकड्यासाठी नोंदवा : पृष्ठभाग (डांबर, खडी, मुरूम, माती), रुंदी, साईडपट्टीची स्थिती, चढ, शाळेच्या वेळी दहा मिनिटांत जाणारी जड वाहने, आणि गेल्या पावसाळ्यात तो किती दिवस बंद होता.

३. नोंदी दोनदा घ्या : एकदा पावसाळ्यात आणि एकदा कापूस-उसाची वाहतूक जोरात असते तेव्हा. एकाच रस्त्याचे दोन नकाशे होतील.

४. पायऱ्या कशा ठरवायच्या हे वर्गात चर्चेने ठरवा. मुलींचे मत वेगळे घ्या. मुलांना जी वाट पायरी २ ची वाटते, ती मुलींना पायरी ३ ची वाटू शकते. दोन्ही नोंदी ठेवा.

५. संगणक असेल तर क्यूजीआयएसमध्ये हे तुकडे आणि तक्ता भरा. फोनवरच्या जीपीएसने घेतलेल्या जागेत पाच-दहा मीटरची चूक धरून चाला. संगणक नसेल तर चार रंगांच्या पेन्सिली पुरेत. मॅकहार्गलाही तेवढेच साहित्य लागले होते.

६. प्रत्येक गावापासून शाळेपर्यंतच्या वाटेला तिच्यातल्या सर्वांत वाईट तुकड्याची पायरी द्या. मग पाहा : कोणता एक तुकडा दुरुस्त केला तर सर्वांत जास्त मुलींची वाट सुधारेल?

एक पथ्य मात्र पाळा. कोणती मुलगी कोणत्या वेळी एकटी कुठून जाते, हे नकाशावर येता कामा नये. नोंद तुकड्याची करायची, माणसाची नाही.

सहाव्या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा अगदी लहान निघते : एका रपट्याची उंची, दोनशे मीटर मुरूम, एका फाट्यावरचा दिवा. सबंध रस्त्याचे डांबरीकरण मागितले तर निधीची वाट पाहण्यात वर्षे जातात. तुकड्याचा क्रमांक, तो बंद असलेल्या दिवसांची संख्या आणि त्यावर अवलंबून असलेल्या मुलींची संख्या लिहून केलेला अर्ज ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत नेला, तर त्यावर बोलणे सोपे जाते. त्या अर्जासोबत मुलांनी रंगवलेला नकाशा जोडा. पुढच्या पावसाळ्यानंतर तोच नकाशा पुन्हा काढून दोन्ही शेजारी लावा. त्यातला लाल तुकडा हिरवा झाला की नाही, ते पहिलीतल्या मुलालाही दिसेल.